मायच्या पाठीवरचा पाय

मायच्या पाठीवर पाय मी ठेवला होता, डॉक्टरने नाही. नऊ वर्षं मी बहिणीला, बायकोला, नागपूरच्या सर्जनला, गावात विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो की त्या डॉक्टरनेच पाठ दाबली आणि त्यानेच तिचे पाय घालवले. ज्या माणसावर मी हा आळ घेतला, त्याने माझ्या मायच्या कमरेवर तळहाताहून जास्त भार कधी दिला नव्हता.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. माय दीड दिवस अडून होती, सुईणीने हात टेकले होते, असं ती सांगायची. आमच्या भागात समजूत अशी की पायाळू माणसाचा पाय कमरेला लागला की भरलेली उसण उतरते. पाय नुसता लावायचा असतो, तीनदा, हलकेच. दाबायचा नसतो. एवढं तरी मला लहानपणापासून माहीत होतं.

आमचं घर बौद्ध. आज्याने दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा, अंगारे, उतारे घराबाहेर गेले. माझ्या पायाचं हे प्रस्थ बाबांना मुळीच आवडत नसे. पण दिवस कलला की शेताकडच्या वाटेने गावातली मोठ्या घरची माणसं कमरेवर हात ठेवून आमच्या अंगणात येत, तेव्हा बाबाही गप्प बसत. ही माणसं आमच्या घरचं पाणी पीत नसत. स्वतःचा दुपट्टा अंथरून त्यावर पालथी पडत, आणि सात-आठ वर्षांचा मी त्यांच्या उघड्या कमरेला डावा पाय लावत असे. ती गेल्यावर बाबा म्हणायचे, "पाठ दुखली का येते, बरी झाली का रस्ता बदलते." माय हसायची. मला त्या वयात एवढंच कळे की जे लोक बाबांशी अरेतुरे बोलतात, ते माझ्या पायाखाली निजतात. ते सुख माझ्यात फार खोल रुतलं. पुढे शिकलो, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक झालो, बोदलकसा तलावाच्या कालव्यांवर मोटरसायकलने फिरू लागलो. बाबा गेले. तरी अंगणात येऊन कुणी कंबर दाखवली की मी नाही म्हणत नव्हतो.

दोन हजार चार-पाच सालच्या सुमारास, साठीच्या आसपास, मायचे पाय तिला दगा देऊ लागले. आमच्या गावापासून गोरेगावचा बाजार पाऊण कोसावर. दर आठवड्याला डोक्यावर टोपली घेऊन ती पायी जायची. वांगी, वालाच्या शेंगा, घरामागची कोथिंबीर. विकून झालं तरी लवकर परतायची नाही. कुणाच्या घरी काय चाललंय ते ऐकत, कुणाची थट्टा करत दिवस उतरेपर्यंत तिथेच बसायची. घरात ती आमची होती. बाजारात ती स्वतःची होती. आता शंभरेक पावलं गेली की तिच्या मांड्यांपासून खाली जडपणा यायचा, पोटऱ्यांत मुंग्या भरायच्या. कालव्याच्या मोरीवर पुढे वाकून बसली की थोड्या वेळात उतरायचं. मग पुन्हा शंभर पावलं.

गोम अशी होती की धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत उतरली की तिला काही होत नसे. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून ती तरण्या बायांच्या पुढे राहायची. यावरून मी आणि बायकोने निकाल देऊन टाकला की बाजारात जायचा कंटाळा आलाय म्हणून सोंग आहे. एकदा मी तिला म्हणालोही, "दिवसभर वाकाले होते, अन् सरळ रस्त्यानं चालाले होत नाई?"

"मलेच समजत नाई बाबू," ती म्हणाली, "तुले का सांगू?"

चालताना ती पुढे झुकू लागली होती. मला ते बघवत नसे. खरं सांगायचं तर लोकांनी बघावं हे मला आवडत नसे. मोटरसायकल तिच्या मागे हळू चालवत मी हॉर्न द्यायचो आणि 'सरळ चाल' म्हणून ओरडायचो. ती दचकून ताठ व्हायची, दहा-वीस पावलांत पाय ओढू लागायची, आणि मी चिडायचो. वाकलं की मणक्यातली जागा थोडी मोकळी होते, ताठ झालं की आवळते, हे मला नंतर कळलं. शाळा न शिकलेल्या तिच्या शरीराला ते आधीच कळलं होतं.

ऑफिसातल्या एकाने त्या डॉक्टरचं सांगितलं. परदेशात जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकून आलेला नागपूरचा माणूस, दर दुसऱ्या रविवारी गोंदियात येऊन दोन खोल्यांत पेशंट बघायचा. लोक त्याला हाडवाला डॉक्टर म्हणत. मणके हातांनी बसवतो, कट्कन आवाज येतो आणि माणूस उठून चालू लागतो, अशी त्याची कीर्ती. त्या आवाजासाठीच मी मायला घेऊन गेलो. आणि मनात हेही होतं की हा माणूस शेवटी माझंच काम करतो, फक्त टेबलावर.

त्याने पहिल्या दिवशी काही बसवलं नाही. मायला चालायला लावलं, वाकायला लावलं, पायांच्या अंगठ्यांची ताकद बघितली, आणि नागपूरहून एमआरआय काढून आणा म्हणाला. मी नाराज झालो. ती तपासणी करून पुन्हा गेलो तेव्हा त्याने फिल्म उजेडाला धरली आणि मला विचारलं, काय काम करता. मी सांगितल्यावर तो हसला.

"फिर तो आपको समझाना आसान है. नहर में गाद भर गई, तो आप क्या करते हो?"

मी म्हणालो, गाळ काढतो.

"और ऊपर से बैलगाडी चला दो, तो?"

काठ ढासळेल, पाणी पुरतं बंद होईल, असं मीच माझ्या तोंडाने सांगितलं. त्याने मान हलवली. मायच्या मणक्यातून नसा जातात ती नळी वयामुळे अरुंद झाली आहे, तिच्यावर मी झटका देणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही देऊ देऊ नका, असं त्याने हिंदीत सावकाश दोनदा सांगितलं. नळी रुंद करणं माझ्या हातात नाही, आहे त्या जागेत नसांना थोडी उसंत मिळेल एवढंच बघू, हेही तो बोलला. आणि एक ताकीद दिली. लघवी अडली, किंवा बसतो त्या जागेला बधिरपणा आला, तर घरी एक तासही थांबायचं नाही, त्याच दिवशी नागपूरला सर्जनकडे जायचं. त्याने मला ते परत म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं.

त्याचं टेबल मधोमध वाकणारं होतं. माय त्यावर पालथी पडायची, तो एक हात कमरेवर ठेवायचा आणि पायांकडचा भाग हळूहळू खाली सोडायचा, पुन्हा वर आणायचा. पाळण्यासारखं. माय तिथे डोळे मिटून पडायची. घरी पाठीवर निजून दोन्ही गुडघे छातीशी घ्यायचे, चालताना सायकल हाती धरून तिच्या हँडलवर भार टाकायचा, एवढंच त्याने शिकवलं. माय जुनी सायकल हाती धरून बाजाराच्या रस्त्याला निघाली की बाया विचारायच्या, म्हातारपणी सायकल शिकून राहिली का. ती म्हणायची, "मी नाई, सायकल माह्यापाशी चालनं शिकून राहिली."

दोन-अडीच महिन्यांत ती मोरीच्या पुढे जाऊ लागली होती. एकदा तर मोरी ओलांडून शाळेपर्यंत न थांबता गेली आणि परत आल्यावर दारातून मला ते सांगितलं. मी पेपर वाचत होतो. 'बरं' म्हणालो.

मला ते पुरत नव्हतं. आवाज आला नव्हता. हलवणं आणि डुलवणं, याला का इलाज म्हणायचं, असं मी बायकोला म्हणायचो. त्याच आठवड्यात गावातले एक मोठे जमीनदार आमच्या अंगणात आले होते. पोतं उचलताना कंबर धरली होती. मी पाय लावला, दुसऱ्या दिवशी ते चालते झाले. नुसत्या लचकीत आणि मायच्या आजारात काय फरक असतो हे मी जाणत होतो, मला समजावून सांगितलं गेलं होतं. पण चौकात चार लोकांसमोर ते मला म्हणाले, "घरात दवा असून नागपूरवाल्याच्या मागं काऊन फिरून राहिला रे? मायपेक्षा आमची पाठ जवळची होय का तुले?"

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्यात टोमणा होता तसा मानही होता, आणि मला मानच ऐकू आला.

तसाच दुपारी घरी आलो. माय एकटीच धान्य पाखडत बसली होती, बायको शेतावर गेली होती. मी ओसरीत चटई टाकली आणि तिला पालथी पड म्हणालो. तिने सूप खाली ठेवलं.

"डॉक्टरनं नाई म्हटलं होतं ना?"

तो त्याचा धंदा सांगणार, मी काय सगळ्या गावाला बरं करतो आणि तुलाच बरं करणार नाही का, असं काहीतरी मी बोललो. ती उठली. मग चटईवर पालथी झाली आणि तोंड भिंतीकडे करून म्हणाली, "तुह्या मनाले बरं वाटत असन त ठेव."

मी आधी रीतीप्रमाणे तीनदा पाय लावला. तिथे थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण मला आवाज हवा होता. मी वरच्या वाशाला हात धरला, पाय तिच्या कमरेच्या खळग्यात रोवला आणि भार दिला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा पुरा भार दिला. आवाज आला. तिच्या तोंडून श्वास गेल्यासारखा एक बारीक हुंकार निघाला, आणि मी म्हणालो, "बसला." हे माझे शब्द होते. मला आनंद झाला होता.

ती उठताना उजवं पाऊल तिच्याने उचललं जाईना. उंबऱ्याला अंगठा अडकला. मी म्हणालो, जागा मोकळी झाली की असं होतं. सकाळी बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं की मायला रात्रीपासून लघवी झालेली नाही आणि खाली बसलं तरी बसल्यासारखं वाटत नाही म्हणते. डॉक्टरने माझ्याकडून जे म्हणवून घेतलं होतं, तेच अक्षर न् अक्षर माझी बायको मला सांगत होती. तरी मी दुपारपर्यंत घरी थांबलो. उतरेल, म्हणालो. कोमट पाण्याने शेकायला सांगितलं. नागपूरला गेलो तर काय झालं ते विचारतील, याची मला भीती वाटत होती. तेवढे तास मी त्या भीतीला दिले. ते तास मायचे होते.

गोंदियाच्या दवाखान्यातून गाडी करून आम्हाला नागपूरला पाठवलं. तिथल्या सर्जनने फिल्म बघितली आणि विचारलं, पाठीला मार लागला का, कुणी दाबली का. माय स्ट्रेचरवर होती, माझ्यापासून दोन हातांवर. मी म्हणालो, "गोंदियात कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे जात होतो. त्यानं दाबली."

सर्जनने मान हलवत लिहून घेतलं. मायने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि डोळे मिटले. तिने एक शब्द काढला असता तर मी तिथेच उघडा पडलो असतो. तिने काढला नाही.

ऑपरेशन झालं. थोडं आधी आले असते तर, एवढं बोलून सर्जन थांबले. उजवं पाऊल लोंबतंच राहिलं. लघवीची जाणीव पुरती परत आली नाही. माय वॉकर धरून अंगणात विहिरीपर्यंत जाऊ लागली, त्यापलीकडे कधी गेली नाही. बाजार संपला. सुरुवातीला तिच्या ओळखीच्या बाया बाजारातून परतताना दारात थांबून तिथल्या गोष्टी सांगत. मग त्या थांबेनाशा झाल्या.

माझी मोठी बहीण पलीकडच्या गावात दिली आहे. ती रागाची. ती आणि भाऊजी गोंदियाला त्या दोन खोल्यांत जाऊन पेशंटांसमोर डॉक्टरला वाटेल ते बोलून आले. मी गेलो नाही. मला कामावर जायचं होतं. डॉक्टर काय म्हणाला, असं मी बहिणीला विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही, फक्त माताजी कशा आहेत ते विचारत राहिला. काही महिन्यांनी त्याने गोंदियाला येणं सोडलं. त्याचा एकदा मला फोन आला होता. मी आवाज ओळखला आणि रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला.

मायला यातलं सगळं माहीत नव्हतं. थंडीत कंबर धरली की ती म्हणायची, "त्या डॉक्टरच्या टेबलावर बरं वाटे. ने ना एकदा." मी कुठल्या तोंडाने नेणार होतो? तो आता येत नाही, म्हणायचो. ते खरंच होतं. तो का येत नाही, हे सांगत नव्हतो.

मात्र एक गोष्ट ती करायची. कुणी कंबर धरून आमच्या अंगणात आलं की मी बाहेर येण्याआधी ती खाटेवरूनच सांगायची, "त्याचा गुडघा दुखते. तो आता पाय नाई लावत." माझा गुडघा कधीच दुखला नाही. ती खोटं बोलत होती, आणि आपल्या पोराचं गावात हसं होऊ न देता दुसऱ्यांच्या पाठी वाचवत होती. मी आतल्या खोलीत उभा राहून ऐकत असे. लोक मला येऊन विचारायचे, गुडघा कसा आहे. मी म्हणायचो, आहे तसाच आहे.

अशी नऊ वर्षं गेली. परवाच्या उन्हाळ्यात बहीण आली. आता तिचीही पन्नाशी उलटली आहे. एसटीतून उतरून आमच्या घरापर्यंत येताना ती दोनदा रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिल्याचं मी ओसरीतून बघितलं. घरात येऊन पाणी पिऊन झाल्यावर तिने तेच सांगितलं. शंभर पावलं, जडपणा, मुंग्या, वाकलं की बरं. भाचा म्हणतो नागपूरला त्या कायरोप्रॅक्टिकवाल्या डॉक्टरला दाखवू, तो अजून तिथे बसतो, आधी फोटो काढतो मगच हात लावतो. ती म्हणाली, "मी म्हटलं, मरन, पन त्याच्या दारात नाई जात. मायले त्यानंच पांगळं केलं." आणि तिने स्वतःच कोपऱ्यातली चटई ओढली, अंथरली आणि पालथी पडली. "घे बाबू. तुह्याच पायानं होईन त होईन. लाव."

माय खाटेवर होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग लेकीच्या उघड्या कमरेकडे. आणि घाईघाईने म्हणाली, "उठ बाई. त्याचा गुडघा दुखते."

"एवढा का दुखते?" बहीण तशीच पडून म्हणाली. "सख्ख्या बहिनीसाठी तीन डाव पाय नाई उचलत का?"

"उठ म्हनते ना."

"दुनियेच्या पाठीले लावला, माह्याच पाठीचं का वाकडं आहे?"

माझ्यासाठी माय गावाशी इतकी वर्षं खोटं बोलली होती. आता पोटच्या लेकीशी बोलायची वेळ आली होती, आणि लेक जमिनीवर पडून ऐकायला तयार नव्हती. मायने वॉकर हाती धरला. ती खाटेवरून उठायचा प्रयत्न करत होती. आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहायला.

मी बहिणीच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि तिचा पदर तिच्या कमरेवर ओढला. म्हणालो, "बाई, माह्या गुडघ्याले काई झालं नाई. मायच्या पाठीवर त्या डॉक्टरनं नाई, मी पाय ठेवला होता. वाश्याले धरून, पुरा भार देऊन. त्यानं नाई म्हटलं होतं, मायनंबी आठवन देली होती. नागपूरले मी खोटं बोललो. तू त्या मानसाले शिव्या देऊन आली, त्या माह्या होत्या."

बहीण उठून बसली. ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. बोलायचा तिला हक्क होता. ते सगळं बोलून झाल्यावर ती भिंतीला टेकून रडत राहिली. मी खाटेपाशी गेलो. मायचं उजवं पाऊल खाटेवरून खाली लोंबत होतं, थंड होतं, ते मी दोन्ही हातांत घेतलं. ती म्हणाली, जाऊ दे बाबू. मी म्हणालो, नाही, जाऊ द्यायचं नाही, आज ऐकून घे.

"बाईले घेऊन उद्या मी त्या डॉक्टरकडे जातो. त्याचे पाय धरतो. पन पयले तुह्ये. तुह्ये पाय मी नेले माय, अन् दुसऱ्याचं नाव सांगितलं. तुहा बाजार मी बंद केला. तू ने म्हटलं तवा नेलं नाई, काऊन का मले माह्यी अब्रू वाचवाची होती. माह्यी चूक झाली. मले माफ कर."